दाराच्या पोटात काय काय?

समजा, गाडीचं दार तुम्ही जोरात ओढलं आणि ते खाडकन आपटून परत उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. आजोबा म्हणतात, बिजागरी गेली. मामा म्हणतो, रबर फुगलं. तुम्ही मात्र काही न बोलता दाराच्या जाड कडेकडे वाकून बघा. चोर बहुतेक तिथेच सापडेल.

त्या कडेला एक खाच असते आणि खाचेत एक पोलादी पंजा. समोर गाडीच्या खांबावर जाड सळईची एक कडी बसवलेली दिसेल. गॅरेजमध्ये तिला ‘स्ट्रायकर’ म्हणतात. दार लावताना ही कडी पंजात घुसते, त्याला ढकलते आणि त्या ढकलण्यानेच पंजा फिरून कडीभोवती मिटतो. तान्ह्या बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की मूठ आपोआप मिटते, अगदी तसा! मिटल्याबरोबर शेजारची एक छोटी खिट्टी पंजाच्या दातात अडकते. मग कितीही ओढा, पंजा सुटत नाही. हँडल ओढलं की खिट्टी सरकते आणि पंजा मोकळा होतो.

कधी कधी दार उघडं असतानाच एखाद्या सामानाचा धक्का लागतो आणि पंजा रिकामाच मिटून बसतो. मिटलेल्या पंजात कडी शिरणार कुठून? ती नुसती आपटते. इलाज फुकटातला आहे. हँडल ओढायचं, पंजा उघडला का ते बघायचं आणि मग दार लावायचं. पंजा तरीही सुस्त असेल, तर आतलं जुनं ग्रीस धूळ खाऊन घट्ट झालेलं असतं. ते पुसून नवं लावायचं काम मोठ्यांचं. तुम्ही बोटं लांब ठेवा, कारण हा पंजा माणूस आणि कडी यांत फरक करत नाही.

दार हळूच लावलंत तर दोन ‘खट्’ ऐकू येतील. पंजाला दोन दात असतात. पहिल्या दातावर दार अर्धवट लागतं, दुसऱ्यावर पक्कं. पहिला दात मुद्दाम ठेवलाय, म्हणजे नीट न लागलेलं दार चालत्या गाडीत एकदम सताड उघडू नये.

आता एक प्रयोग, उभ्या गाडीत आणि मोठं माणूस सोबत घेऊन. सगळ्या काचा वर करून दार लावा. मग एक काच पूर्ण खाली करून लावा. दुसऱ्या वेळी दार हलक्या हाताने लागतं! दार आत येताना हवा ढकलत आणतं आणि कडेच्या रबरामुळे तिला पळायला फट उरत नाही. बऱ्याच गाड्यांत मागच्या बंपरच्या आड फक्त बाहेरच्या बाजूला उघडणाऱ्या झडपा असतात. त्यांतून हवा जाते, पण एका क्षणात सगळी कशी जाणार? नव्या गाडीचं दार ‘जड’ वाटतं ते बरेचदा या हवेमुळे. तिथे लॉकची काही चूक नसते.

बटण दाबल्यावर काच चालते कशी? १९४० च्या पॅकार्ड गाडीत तेलाच्या दाबाने काच सरकायची. आता दाराच्या पोटात १२ व्होल्टची छोटी मोटर असते. बटण एकीकडे दाबलं की वीज एका दिशेने वाहते, दुसरीकडे दाबलं की उलट. मोटरही तशीच उलटसुलट फिरते. मोटरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात आणि ते एका दातेरी चाकाला फिरवतात. याला वर्म गिअर म्हणतात. स्क्रू चाकाला फिरवू शकतो, पण चाक स्क्रूला फिरवू शकत नाही! म्हणून गाडी बंद असतानाही काच हाताने दाबून खाली जात नाही. मला तर ही युक्ती मोटरपेक्षाही हुशार वाटते.

काही काचा वर जाता जाता मध्येच अडल्या तर आपणहून खाली येतात. मोटर अचानक मंदावली की यंत्रणेला वाटतं, कुणाचा तरी हात अडकला. पण काच ज्या रबरी खाचेतून सरकते तिथे माती साचली, तरी तिची फसगत होते. खाच साफ केली की काच पुन्हा शहाणी! मात्र ही सोय अनेक गाड्यांत फक्त ड्रायव्हरच्या काचेला असते, तेव्हा तिच्या भरवशावर डोकं बाहेर काढू नका.

काच बिघडली की आधी कान लावा. मोटरची घरघर येते पण काच हलत नाही? मग काच ओढणारी तार तुटली असेल किंवा काच तिच्या पकडीतून सुटली असेल. आवाजच नाही? फ्यूज, बटण किंवा वायर. सगळ्यात मजेशीर बिघाड म्हणजे दार उघडं असताना काच छान चालते आणि दार लावलं की गप्प! दार आणि खांब यांच्यामध्ये एक रबरी नळी असते, तिच्यातून वायरी जातात. दर उघडझापीला त्या वाकतात. वर्षानुवर्षं वाकून एखादी आतून तुटते आणि मग दार ठरावीक कोनात असेल तेव्हाच तिची टोकं एकमेकांना टेकतात. असं काही दिसलं तर मेकॅनिककाकांना नक्की सांगा, त्यांचा मोटर खोलून बघण्याचा खटाटोप वाचेल.

आणि हो, दाराच्या आत पाणी शिरतं. काच सरकते त्या फटीतून पाऊस थोडाफार आत झिरपणारच, हे बनवणाऱ्यांनी गृहीतच धरलेलं असतं. म्हणून दाराच्या तळाशी छोटी भोकं ठेवतात आणि आतल्या पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवतात. कोकणातल्या पावसात चिखलाने ती भोकं बुजली की पाणी आतच साठतं आणि पत्रा गंजू लागतो. दार हलवल्यावर पोटात डुचमळल्याचा आवाज आला, तर एक प्लॅस्टिकची काडी घ्या, खालून भोकं मोकळी करा आणि पाय जरा बाजूला ठेवा.