सरळ रस्ता कागदावर दूर कसा न्यायचा

समोर सरळ, सपाट रस्ता आहे, कडेने सारख्या उंचीचे विजेचे खांब. जवळचा खांब उंच दिसतो, लांबचा बुटका. हे अंतर सपाट कागदावर दाखवण्याच्या रीतीला यथार्थदर्शन म्हणतात. १४३५ मध्ये अल्बेर्ती या इटालियन विद्वानाने तिचे नियम लिहून काढले.

आधी क्षितिजरेषा, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या पातळीची आडवी रेघ, काढावी. आपण खाली बसलो तर दृश्यातली ही पातळी खाली येते, गच्चीवर गेलो तर वर चढते. बहुतेकांचं चित्र इथेच बिघडतं. रस्त्यावर आपल्याच उंचीची माणसं उभी असतील, तर जवळच्या आणि लांबच्या सगळ्यांचे डोळे याच रेघेवर येतात; लांबच्यांची फक्त पावलं वर सरकतात. हे सुटलं की लांबची माणसं तरंगू लागतात किंवा बुटकी वाटतात.

मग या रेघेवर, रस्ता जिथे नाहीसा होतो तिथे, लोपबिंदू द्यावा. आपल्यापासून सरळ दूर जाणाऱ्या सगळ्या समांतर कडा तिथे मिळतात. डोळ्यांच्या खालच्या कडा वर चढतात, वरच्या खाली उतरतात. लिओनार्दोच्या मिलानमधल्या ‘शेवटचं भोजन’ या भित्तिचित्रात येशूच्या कानशिलापाशी खिळ्याचं भोक सापडलं आहे. छताच्या रेषा तिथेच जमतात, म्हणून सगळ्यांची नजर त्याच्याकडे ओढली जाते.

आता खांब. त्यांच्यात सारखं अंतर ठेवण्याचा मोह होतो, पण ते कमी होत गेलं पाहिजे. पहिल्या खांबाचा माथा, मध्य आणि पाया लोपबिंदूला जोडा. या रेषांमध्ये दुसरा खांब अंदाजाने उभा करा. पहिल्याच्या माथ्यापासून दुसऱ्याच्या मध्यातून जाणारी रेघ पायाच्या रेषेला जिथे छेदते, तिथे तिसरा खांब येतो. पुढचेही असेच.

बोलताना आपण ‘त्यांच्या बाजूने बघा’ म्हणतो, तेव्हाही बघणाऱ्याने जागा बदलावी अशीच अपेक्षा असते. चित्रातही जागा बदलली की सगळ्या रेषा बदलतात. आपल्याकडच्या लघुचित्रांत एकाच चौकटीत अनेक जागांवरून पाहिलेलं असतं. त्यांना चुकीचं ठरवणं मला अजिबात पटत नाही. तिथे एका जागी खिळून राहायचंच नसतं.

शेवटी पट्टी घेऊन रस्त्याला समांतर असलेली प्रत्येक कड वाढवून पाहा. लोपबिंदू चुकवणारी कड दुरुस्त करा. एखादं घर रस्त्याला तिरकं असेल, तर मात्र त्याच्या आडव्या कडांचे लोपबिंदू वेगळे असतात. ते कागदाबाहेरही जाऊ शकतात, पण असतात याच क्षितिजरेषेवर.