नासपतीचं कलम : लागलं म्हणजे जमलं का?

गैरसमज : कलम फुटलं, आता काळजी नाही.

आंब्याच्या सवयीने आपण असं धरून चालतो. रायवळाच्या कोयीवर हापूसची काडी लागली की पुढचा प्रश्न मिटतो. नासपतीत तो मिटत नाही. जगभर लावली जाणारी बार्टलेट (इंग्लंडात हिलाच विल्यम्स म्हणतात) बिहीच्या खुंटावर बांधून पाहा. बिही म्हणजे जिच्या बिया बिहीदाणा म्हणून औषधात वापरतात ती. डोळा फुटतो, फांद्या वाढतात, कधी फळंही धरतात. मग काही वर्षांनी एखाद्या वाऱ्यात, फळांच्या भाराने, झाड नेमकं सांध्यावर मोडतं. तुटलेली जागा करवतीने कापल्यासारखी सपाट असते, कारण दोन्हीकडचं लाकूड एकमेकांत कधी नीट गुंतलेलंच नसतं. इतकी वर्षं जपलेलं झाड असं आडवं झालेलं पाहणं फार जिव्हारी लागतं.

याचं एक कारण रासायनिक आहे. बिहीत प्रुनासिन नावाचं द्रव्य असतं. ते सालीतून वर नासपतीत चढतं, तिथे त्याचं विघटन होऊन सायनाइड सुटतं आणि सांध्याजवळच्या कोवळ्या पेशी मरतात. हवा उष्ण असली की हा त्रास वाढतो. मात्र सगळ्याच जातींना तो होत नाही. ब्यूरे हार्डी आणि कॉमिस बिहीवर सुखाने नांदतात. म्हणून जुने माळी बिहीवर आधी ब्यूरे हार्डी बांधतात आणि तिच्यावर बार्टलेट. मधला हा तुकडा दोघींशी जुळवून घेतो.

गैरसमज : एवढी कटकट असेल, तर बिही नकोच.

बिहीवर झाड ठेंगणं राहतं आणि फळ लवकर येतं. इंग्लंडातल्या ईस्ट मॉलिंगचे ‘क्विन्स ए’ आणि ‘क्विन्स सी’ हे खुंट त्यासाठीच नावाजले. चुनखडीच्या जमिनीत मात्र बिहीला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. तिथे नासपतीचाच खुंट बरा.

गैरसमज : नासपतीवर नासपती बांधली की धोका संपला.

१९६० च्या आसपास कॅलिफोर्नियात नासपतीची असंख्य झाडं वाळली. बरीचशी आशियाई नासपतीच्या खुंटांवर होती. सिला या किड्यामार्फत पसरणाऱ्या रोगाने सांध्याखालच्या अन्नवाहिन्या मेल्या आणि मुळांची उपासमार झाली. युरोपीय नासपतीच्या किंवा बेट्युलिफोलिया या रानटी नासपतीच्या खुंटांवरची झाडं त्यामानाने तगली. आपल्याकडे हिमाचलात कैंथ या रानटी नासपतीच्या रोपांवर कलमं करतात. ती नासपतीशी चांगली जुळतात, फक्त झाडं मोठी होतात.

सफरचंदाच्या खुंटाचं काय? जवळचं नातं असूनही ही जोडी सहसा फार काळ टिकत नाही.

रोप घेताना आपण जात विचारतो, खुंट विचारत नाही. तो आधी विचारावा. बिहीवरची बार्टलेट असेल, तर खोडावर दोन सांधे शोधावेत. एकच दिसला, तर ते रोप घेऊ नये.