ठिबक सिंचनातून दिलेल्या खतपाण्याची तीव्रता

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरावर स्ट्रॉबेरी आणि सांगली जिल्ह्यात तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागांत द्राक्षे, ही दोन्ही पिके आज ठिबक सिंचनावर घेतली जातात. पाण्यात विरघळणारी खते ठिबकाच्याच नळीतून देण्याची पद्धतही सर्वत्र रूढ झाली आहे. या पद्धतीत खत थेट मुळांपाशी पोहोचते, मजुरी वाचते व खताचा अपव्यय टळतो. तथापि किती किलो खत द्यावयाचे याचा जेवढा विचार होतो, तेवढा ते किती पाण्यातून द्यावयाचे याचा होत नाही. खताचे माप योग्य असूनही पानांच्या कडा करपतात, त्याचे कारण बहुधा येथेच असते.

तीव्रता म्हणजे काय?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले असता त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरी ठाऊक आहे. फोडीबाहेरील मीठ फोडीतील पाणी ओढून घेते. मुळांचेही असेच होते. मुळाभोवतालच्या पाण्यात क्षार वाढले म्हणजे मुळांना पाणी ओढून घेणे जड जाते आणि जमीन ओली असूनही झाड तहानलेले राहते. रासायनिक खते हीसुद्धा क्षारच होत. मर्यादेत असता ती झाडाचे अन्न ठरतात; मर्यादेबाहेर गेली की तीच पाण्याची वाट अडवितात.

पाण्यातील विरघळलेले क्षार त्या पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजता येतात. त्यासाठी हातात धरावयाचे ‘ईसी मीटर’ मिळते. मोजमापाचे एकक डेसिसीमेन्स प्रति मीटर हे आहे. मीटरवर लिहिलेले मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर हे तेवढेच असते. एक एकक म्हणजे दर लिटरला अदमासे ६४० मिलिग्रॅम क्षार असे स्थूल मानाने समजावे.

पिकांची सहनशक्ती

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणे मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता स्ट्रॉबेरीसाठी १.०, द्राक्षासाठी १.५ व उसासाठी १.७ पर्यंत असल्यास उत्पन्नास बाध येत नाही. त्यापुढे प्रत्येक एककास उसाचे उत्पन्न सुमारे ६ टक्के, द्राक्षाचे सुमारे १० टक्के, तर स्ट्रॉबेरीचे तब्बल ३३ टक्के घटते. यावरून उसाच्या अनुभवावर स्ट्रॉबेरीला खत देणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात येईल.

येथे एक खबरदारी घ्यावी. आपल्याकडील माती परीक्षणाच्या अहवालात विद्युतवाहकता बहुधा एक भाग माती व अडीच भाग पाणी या मिश्रणात मोजलेली असते. तो आकडा संपृक्त अर्काच्या आकड्याहून बराच कमी येतो. म्हणून अहवालातील आकडा वरील मर्यादांशी सरळ ताडून पाहू नये. प्रयोगशाळेकडून त्याचा अर्थ समजून घ्यावा.

मूळ पाणी आधी मोजावे

महाबळेश्वरच्या तांबड्या जमिनीवर दरवर्षी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. हंगामात साचलेले क्षार पावसाळ्यात धुऊन जातात आणि झऱ्या-तळ्यांचे पाणीही हलके असते. सांगलीच्या पूर्व भागात याच्या उलट स्थिती आहे. तेथे पाऊस थोडा, कूपनलिका खोल आणि अनेक ठिकाणी पाणी मचूळ आहे. म्हैसाळ व टेंभू या उपसा योजनांचे कृष्णेचे पाणी जेथे पोहोचते, तेथे बागायतदार नदीचे व कूपनलिकेचे असे दोन्ही पाणी आळीपाळीने वापरतात. अशा बागेत दोन्ही पाणी निरनिराळे मोजणे अगत्याचे आहे.

झाड पाणी पिऊन टाकते, पण क्षार बहुतांशी मागे ठेवते. त्यामुळे नेहमीच्या निचऱ्याच्या जमिनीत मातीच्या अर्काची तीव्रता दिलेल्या पाण्याच्या सुमारे दीडपट होते. पाण्याची तीव्रता १.८ असेल तर मातीची २.७ पर्यंत जाईल. म्हणजे खताचा एक कणही न घालता द्राक्षाची मर्यादा ओलांडली गेली. असे पाणी वापरणाऱ्या बागेत डॉगरिजसारख्या खुंटावर कलम केलेली द्राक्षे अधिक तग धरतात, हे खरे; परंतु खुंट हा तीव्र खतपाण्याला परवाना नव्हे.

खत तेवढेच, तीव्रता निराळी

एका लिटर शुद्ध पाण्यात एक ग्रॅम खत विरघळविले असता तीव्रता पुढीलप्रमाणे वाढते: १३:०:४५ सुमारे १.३, १२:६१:० सुमारे ०.८, ०:५२:३४ सुमारे ०.७, ०:०:५० सुमारे १.४ ते १.५. युरिया मात्र मीटरवर जवळजवळ काहीच दाखवीत नाही. युरिया असलेल्या मिश्रखतांचा आकडा म्हणूनच फसवा असतो. तो कमी दिसला तरी खत कमी आहे असे मानू नये.

आता एक उदाहरण घेऊ. बागेच्या एका विभागातून ताशी १०,००० लिटर पाणी वाहते आणि तेथे ५ किलो १३:०:४५ द्यावयाचे आहे. ते ५० लिटरच्या पिंपात विरघळविले व व्हेन्चुरी ताशी २०० लिटर द्रावण ओढीत असली, तर पिंप पाव तासात रिकामे होते. तेवढ्या वेळात विभागातून २,५०० लिटर पाणी जाते. म्हणजे दर लिटरला २ ग्रॅम खत पडते आणि तीव्रता २.६ ने वाढते. मूळ पाणी ०.३ असल्यास मुळांपाशी २.९ तीव्रतेचे खतपाणी पोहोचते. मूळ पाणी १.८ असल्यास ४.४ चे.

तेच ५ किलो खत २०० लिटरच्या पिंपात विरघळविले तर ते संपण्यास एक तास लागतो. आता ते १०,००० लिटर पाण्यात वाटले जाते, दर लिटरला अर्धा ग्रॅम पडते आणि वाढ केवळ ०.६५ होते. हलक्या पाण्यात एकूण तीव्रता ०.९५, तर मचूळ पाण्यात २.४५ राहते. खत एक ग्रॅमही कमी झाले नाही. फक्त पिंप मोठे झाले. तीव्रता कमी करणे म्हणजे खत कमी करणे नव्हे, हे या हिशेबाचे सार आहे.

मात्र यासाठी गरजेपेक्षा अधिक वेळ पाणी सोडू नये. तसे केल्यास नत्र मुळांच्या खाली वाहून जाते. पाण्याची पाळीच अर्ध्या तासाची असेल तर खताचा हप्ता दोन-तीन पाळ्यांत विभागून द्यावा.

प्रत्यक्ष कृती

१. एका ड्रिपरखाली मापाचे भांडे ठेवून एका मिनिटात किती पाणी पडते ते पाहावे. अशा आठ-दहा ड्रिपरची सरासरी काढून तीस ड्रिपरच्या एकूण संख्येने व ६० ने गुणावे; विभागाचा ताशी प्रवाह मिळेल.

२. आधी थोडा वेळ साधे पाणी, मधल्या वेळी खतपाणी व शेवटी नळ्या धुऊन निघेपर्यंत पुन्हा साधे पाणी, असा क्रम ठेवावा.

३. खतपाणी सुरू असताना शेवटच्या नळीच्या ड्रिपरखालील पाणी मीटरने मोजून वहीत नोंदवावे. मूळ पाण्याचा आकडा त्याशेजारी लिहावा.

४. कॅल्शियम नायट्रेट हे सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खतांबरोबर एकाच पिंपात मिसळू नये. न विरघळणारा साका तयार होऊन ड्रिपर बुजतात.

५. मीटर १.४१३ च्या प्रमाण द्रावणात वेळोवेळी तपासावे. ‘पीपीएम’चे आकडे निरनिराळी मीटरे निरनिराळ्या गुणकांनी दाखवितात, म्हणून गावात एकमेकांशी तुलना करताना विद्युतवाहकतेचाच आकडा घ्यावा.

चुकीचे निदान टाळावे

अति तीव्रतेने करपलेले पान आणि उपाशी झाडाचे पान यांत गल्लत होते. पान करपले, वाढ खुंटली की खताचा आणखी एक हप्ता दिला जातो आणि रोग होता तोच बळावतो. म्हणून खत वाढविण्यापूर्वी मीटर लावावे. आकडा मर्यादेबाहेर असल्यास खत थांबवून काही पाळ्या साधे, हलके पाणी द्यावे. निचरा नसलेल्या भारी काळ्या जमिनीत मात्र नुसते पाणी वाढवून भागत नाही. कृष्णाकाठी वाळवा व मिरज तालुक्यांतील खारवटलेली शेते याची साक्ष देतात. तेथे आधी चर किंवा भूमिगत नळ्यांनी निचरा साधावा लागतो. पाण्यात सोडियम किती आहे हेही मीटर सांगत नाही. त्यासाठी पाण्याचे परीक्षण करून घ्यावे.

ठिबकाच्या ओल्या वर्तुळाच्या कडेला क्षारांचा पांढुरका थर साचतो. पहिला हलका पाऊस हा थर पुन्हा मुळांकडे ढकलतो. अशा वेळी पाऊस पडत असतानाही ठिबक चालू ठेवणे हिताचे असते.

मातीविना शेती

मुळे हवेत टांगती ठेवून त्यांवर खतपाण्याचा फवारा करण्याची पद्धतही आता प्रचारात आली आहे. सिमला येथील केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने बटाट्याचे निरोगी बियाणे तयार करण्यासाठी ती वापरात आणली. येथे चूक पोटात घालणारी माती नसते. म्हणून टाकीतील तीव्रता रोज मोजावी लागते. आकडा चढत असेल तर झाडे अन्नापेक्षा पाणी अधिक घेत आहेत, साधे पाणी घालावे. उतरत असेल तर ती अन्न अधिक घेत आहेत, खत घालावे. मातीतील शेतीत हा इशारा उशिरा मिळतो, एवढाच काय तो भेद.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात एक चांगले मीटर व एक नोंदवही ठेवून प्रत्येक विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा मोजावे. पिंपात खत ओतण्यापूर्वी बागायतदाराच्या हाती आपल्या पाण्याचा आकडा असला, तर पुढील हिशेब त्याला सहज करता येईल.