दावा फेटाळला, पण का फेटाळला?

राज्यपालांच्या १८ मे २०२०च्या अधिसूचनेने नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या, वनहक्क कायद्याखाली जमिनीवर हक्क सांगणाऱ्या दावेदारांना आणखी एक दार उघडून दिलं. जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेला दावा आता विभागीय आयुक्तांच्या समितीपुढे नेता येईल. जुन्या निकालांसाठी मुदत होती सहा महिने. तोवर जिल्हा समितीचा शब्द शेवटचा. त्यापुढे उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ, म्हणजे वकील, फी आणि तारखा. राज्यात असे फेटाळलेले दावे २२,५०९ होते. २०१९मध्ये हेच आकडे सर्वोच्च न्यायालयापुढे आले, १३ फेब्रुवारीला बेदखलीचा आदेश निघाला आणि २८ला त्याला स्थगिती मिळाली. तेव्हा न्यायालयाने राज्यांना विचारलं, फेटाळताना प्रक्रिया पाळली होती का? सगळी गोम या प्रश्नात आहे.

फेरतपासणी करणारा न्यायाधीश शेत मोजायला जात नाही. दावेदाराचं ऐकून घेतलं का, पुरावा वाचला का, कारण लेखी दिलं का, हे तो बघतो. 

पुरावा द्यायचा तो १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याचा. सातपुड्यात कागद कुठून आणायचा? कुणाकडे असतात त्या वन खात्याच्या दंडाच्या पावत्या: कार्बनची निळी अक्षरं अर्धी उडालेली, घडीवर फाटलेल्या, पत्र्याच्या पेटीत जपलेल्या. अतिक्रमणाचा दंड भरल्याची पावतीच आता ताब्याचा दाखला! साहेब लोकांना हे पचायला जड जातं, यात नवल नाही. पावती नसेल तर गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब. नियमांनी त्यालाही पुरावाच मानलं आहे. उपग्रह चित्र फक्त पूरक, असं २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय. तरी शेत चित्रात दिसत नाही म्हणून दावा बाद होतो. उतारावर, मोहाच्या झाडांमध्ये पेरलेली भगर वरून जंगलच दिसणार!

सीमेपलीकडच्या नर्मदा जिल्ह्यात काम करणारी 'आर्च' ही संस्था याच तक्रारीवर गुजरात उच्च न्यायालयात गेली. मे २०१३मध्ये न्यायालयाने फेटाळलेले दावे इतर पुराव्यांसह पुन्हा तपासायला लावले. आपल्याकडे तो निकाल किती अधिकाऱ्यांनी वाचला असेल, देव जाणे.

नव्या समितीतही अधिकाऱ्यांचं काम अधिकारीच तपासणार, म्हणून मी हुरळून गेलेलो नाही. त्यात आयुक्तांची कचेरी असलेलं नाशिक दूर, आणि फेटाळणीची प्रतच हातात नसेल तर अपील कशावर करायचं? आयुक्तांनी सुनावणी धडगावच्या तहसील कचेरीत घ्यावी. त्याआधी निकालाच्या प्रती, कारणांसकट, दावेदारांच्या हाती द्याव्यात आणि सहा महिने त्या दिवसापासून मोजावेत.