अनवधानाने ग्लूटेन पोटात गेल्यास

सीलिअ‍ॅक आजार असलेल्या व्यक्तीच्या पोटात गहू, रवा, मैदा किंवा जव यांचा अंश गेल्यास काही तासांत, क्वचित एक-दोन दिवसांनी, पोटदुखी, पोट फुगणे, जुलाब, उलटी वा विलक्षण थकवा जाणवू शकतो. काहींना काहीच जाणवत नाही, तरीही आतड्याच्या अस्तरास इजा होऊ शकते. म्हणून 'एवढ्याशाने काय होते' असा आग्रह घरच्यांनी करू नये.

हा परिणाम तत्काळ थांबवणारे औषध उपलब्ध नाही. घशात बोटे घालून उलटी काढू नये. जुलाब थांबवण्याच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. ओआरएसची 1 लिटरची पुडी तेवढ्याच स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट प्यावी. तयार केलेले पाणी 24 तासांनंतर टाकून द्यावे. तांदळाची पेज, मुगाचे वरण, केळे असा हलका आहार घ्यावा. दुधाने त्रास वाढत असल्यास ते काही दिवस वर्ज्य करावे. वरणात हिंग मात्र नको: बाजारातील हिंगाच्या पुडीत बहुधा गव्हाचे पीठ असते, आणि मूळ चूक अनेकदा तिथेच असते. ज्वारीचे पीठ गव्हाच्याच जात्यावर दळले गेले होते काय, तेही पाहावे.

शौचातून रक्त जाणे, सतत उलट्या, लघवी कमी होणे किंवा मूल सुस्त पडणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अंगावर गांधी उठून श्वास घेण्यास त्रास होत असल्यास ती गव्हाची अ‍ॅलर्जी असू शकते. तत्काळ 112 वर दूरध्वनी करावा.