भावाच्या दफ्तरात सापडलेली दुकानदारीण

गटाच्या बैठकीत वही लिहायला घेतली की कुणीतरी म्हणतंच, "एवढं लिहून काय करायचंय? आपलं आपल्याला ठाऊक आहे की!" आज याचं उत्तर पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका दुकानदारिणीकडून घेऊ या.

तिचं नाव एलिझाबेथ मरे. जन्म १७२६ चा, स्कॉटलंडमधला. लहानपणीच ती पोरकी झाली. थोरला भाऊ जेम्स अमेरिकेत गेला, तेव्हा त्याचं घर सांभाळायला तीही गेली. अमेरिका तेव्हा स्वतंत्र देश नव्हता, तिथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. १७४९ मध्ये, वयाच्या तेविशीच्या आसपास, तिने बोस्टन शहरात स्वतःचं दुकान थाटलं. कापड, लेस, फिती, टोप्या असा माल ती विकायची.

हा माल लंडनहून जहाजाने यायचा आणि तोही उधारीवर. तिथला व्यापारी आधी माल पाठवणार, इकडे तो विकला जाणार, मग काही महिन्यांनी पैसे परत जाणार. मध्ये अख्खा समुद्र! समोरासमोर बसून बोलणं नाही की फोन नाही. मग विश्वास कशावर ठेवायचा? पत्रावर आणि हिशेबावर. कोणता माल आला, किती विकला, किती देणं बाकी, हे ज्याचं चोख त्यालाच पुढची उधारी मिळायची. आपल्याकडे बँक कर्ज देताना गटाची वही बघते, तसंच हे.

आता खरी अडचण ऐका. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बाईची कमाई, रोकड, दुकानातला माल सगळं नवऱ्याचं व्हायचं. जमीन तिच्या नावावर असली तरी कारभार नवऱ्याकडे. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे आणि कोर्टात दावाही लावता येत नसे. काल जी दुकानाची मालकीण, ती लग्नानंतर कागदावर कुणीच नाही.

एलिझाबेथचं पहिलं लग्न १७५५ मध्ये झालं. काही वर्षांत ती विधवा झाली. १७६० मध्ये जेम्स स्मिथ नावाच्या वयस्कर, श्रीमंत साखर कारखानदाराशी तिने दुसरं लग्न केलं. या वेळी बाई सावध होती. लग्नाआधीच तिने लेखी करार करून घेतला की माझी मालमत्ता माझ्याच ताब्यात राहील. १७६९ मध्ये स्मिथ वारले. १७७१ मध्ये राल्फ इनमन यांच्याशी तिसरं लग्न झालं, तेव्हाही आधी करार आणि मग लग्न. कायदा बदलणं तिच्या हातात नव्हतं, पण त्याच कायद्यात कागदाची एक वाट होती. ती वाट तिने धरली.

स्वतःचं जमल्यावर ती थांबली नाही. कमिंग आडनावाच्या दोन पोरक्या बहिणींना तिने दुकान काढायला मदत केली, लंडनच्या व्यापाऱ्यांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. पुढे १७६९ च्या सुमारास बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी इंग्रजी मालावर बहिष्कार घातला आणि या बहिणींवर बहिष्कार मोडल्याचा ठपका आला. आपण दोघी कष्ट करून पोट भरतोय, कुणाचं वाकडं करत नाही, असं त्यांनी एलिझाबेथला पत्रातून कळवलं. राजकारणाच्या मोठ्या लढाईत लहान दुकानदारिणींचं काय झालं, हे आज कळतं ते अशा पत्रामुळे.

तिची प्रत्येक मदत गोड लागली असंही नाही. एका भाचीला तिने दुकानात बसवलं, तर त्या मुलीला ते कमीपणाचं वाटलं. तेही कागदात आहे.

आणखी एक गोष्ट झाकून चालणार नाही. भावाच्या मळ्यावर गुलाम राबत होते. दुसऱ्या नवऱ्याच्या कारखान्यातली साखर ज्या बेटांवरून यायची, तिथेही गुलामांचेच कष्ट होते. व्यापाऱ्यांच्या त्या वेळच्या कागदांत ही माणसं मालमत्ता म्हणून लिहिलेली असतात. वही लिहिणाऱ्याचं नाव राहतं आणि राबणाऱ्याचं पुसलं जातं. कागद वाचताना हेही बघावं लागतं.

एलिझाबेथ १७८५ मध्ये वारली. तिची पत्रं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीत आहेत. ही संस्था १७९१ पासून जुने कागद जपते. पण ते दफ्तर आहे कुणाच्या नावाचं? भावाच्या, 'जेम्स मरे' यांच्या! पॅट्रिशिया क्लिअरी या इतिहासकार बाईंनी असे कागद धुंडाळून एलिझाबेथचं चरित्र लिहिलं. ते २००० मध्ये छापून आलं. म्हणजे बाई कर्तबगार होती, पण तिची कथा भावाच्या गठ्ठ्यात बराच काळ पडून होती.

आपल्याला आज नवऱ्याशी तसा करार करावा लागत नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिंदू स्त्रीला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली आहे. पण हक्क कायद्यात असून भागत नाही, तो कागदावर दिसावा लागतो. म्हणून घरी गेल्यावर एक पिशवी काढा. सातबारा आणि घराचा उतारा, त्यावर तुमचं नाव आहे का ते बघा. गटाचं आणि बँकेचं पासबुक, कर्जाचे कागद, शिलाई मशीन किंवा शेळी घेतल्याची पावती, कुणाला उसने दिले असतील तर तारीख आणि सही, हे सगळं त्यात एकत्र ठेवा. पिशवी कुठे आहे ते मुलीला आणि सुनेला सांगून ठेवा.

आणि पिशवीवर नाव घालायचं ते स्वतःचं. नवऱ्याचं नको, भावाचंही नको.