भोंगा आणि बाळगोळी

गिरणगावातील आरोग्यावर लिहावे असे संपादकांनी सुचविले, तेव्हा परळची मोठी इस्पितळे पाहण्याचा माझा बेत होता. परंतु वरळीच्या बी. डी. डी. चाळीत एका जुन्या गिरणीकामगार मावशींपुढे बसलो आणि तो बेत बाजूलाच राहिला.

या चाळींचा सरकारी इतिहास सर्वश्रुत आहे. 1920 साली गव्हर्नर लॉइड यांच्या अमदानीत डेव्हलपमेंट खाते (बी. डी. डी.) निघाले, कापसाच्या गाठीमागे रुपया जकात बसली, पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सुटला, आणि अखेर वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. एकेका चाळीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची.

मावशी त्या काळी परळच्या जुन्या चाळीत राहत आणि वाइंडिंग खात्यात काम करीत. पहाटे भोंगा होण्यापूर्वी मोहरीएवढी अफू, म्हणजे बाळगोळी, दुधात कालवून तान्ह्याच्या जिभेला लावावयाची आणि त्याला थोरल्या मुलीच्या स्वाधीन करून निघावयाचे, हा नित्यक्रम होता. ते प्रमाण त्यांनी मला करंगळीच्या नखावर दाखविले. मूल दिवसभर निजे. रडत नसे, म्हणून भुकेले आहे हेही कोणास कळत नसे. डॉ. बार्न्स या विदुषीने 1922 च्या सुमारास चौकशी केली, तेव्हा गिरणीतल्या बायकांच्या शंभरातील अठ्ठ्याण्णव अर्भकांना अफू दिली जात असल्याचे तिला आढळले. याबद्दल आयांना अडाणी ठरविणाऱ्यांचा मला संताप येतो, कारण 1922 च्या सुधारलेल्या कारखाना कायद्यानेही दिवसाला अकरा तासांच्या कामाची मुभा ठेवली होती आणि पाळणाघर क्वचितच एखाद्या गिरणीत होते.

1921 साली एकखोली बिऱ्हाडांत दर हजार नोंदलेल्या जन्मांमागे 828 अर्भके दगावली. बाळंतपणाला गावी जाणाऱ्या बायकांमुळे येथील जन्मांची नोंद अपुरी राही व आकडा फुगे, हे खरे. तरीही ती फूग वजा करून उरते ते भयंकरच आहे.

नव्या चाळींनी हे पालटेल अशी आशा होती. परंतु वरळी गिरण्यांपासून दूर पडली, भाडे परवडेना, शेकडो खोल्या रिकाम्या राहिल्या, आणि 1930 च्या सत्याग्रहात त्यांतील काही चाळींचा तुरुंग झाला. कायद्याचीही तीच गत झाली. 1929 साली मुंबई इलाख्यात प्रसूतिभत्त्याचा कायदा झाला, कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी त्याचा हिरिरीने पुरस्कार केला होता. भत्त्याचा बोजा मालकावर पडत असल्याने काही गिरण्यांनी दिवस गेलेल्या बायकांना आधीच कामावरून कमी केले, आणि ज्यांची नोकरी टिकली त्यांना रजा संपताच पुन्हा त्याच भोंग्याला हजर व्हावे लागले.